सिमेंट रोडच्या गल्लीत पावसाचं पाणी अडवायचं आणि जिरवायचं कसं

गल्लीत सिमेंट रोड झाला की पहिले काही महिने सगळे खूश असतात. चिखल जातो, लेकरं कोरड्या पायानं शाळेत जातात, बंडी फसत नाही. मग मृगातला पहिला जोराचा पाऊस येतो आणि गल्लीच्या खालच्या टोकाच्या घरांत पाणी शिरतं. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात हेच झालं. बचत गटाच्या रोपवाटिकेतली रोपं घेऊन मी आजूबाजूच्या गावांत जाते, तिथंही हीच तक्रार ऐकते. मी ग्रामपंचायत सदस्य असल्यामुळं मागणी माझ्याकडं येते ती एकच: नाली मोठी करून द्या.

नाली मोठी केली की पाणी खालच्या घराकडं जास्त वेगानं जातं, एवढंच होतं. तेच पाणी वरच्या मोहल्ल्यात, ज्याच्या त्याच्या अंगणात थोडा वेळ थांबवलं, तर खाली येणारा लोंढा उतरतो. त्यासाठी फावडं, घमेलं, गिट्टी आणि थोडी रोपं लागतात. हे काम बहुतेक घरांना स्वतःच्या हातानं जमतं, म्हणून तपशिलात सांगते.

आधी हिशेब

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. ६०० चौरस फुटांचं टिनाचं छप्पर म्हणजे साधारण ५५ चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर २,७५० लिटर पाणी उतरतं, म्हणजे २०० लिटरचे जवळपास चौदा ड्रम. १०० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद सिमेंट रोडवर तेवढ्याच पावसात १५,००० लिटर पडतं. त्या गल्लीत दोन्ही बाजूंची मिळून वीस घरं धरा. त्यांच्या छपरांचं पाणी होतं ५५,००० लिटर.

हा आकडा मी गावोगाव बायांच्या बैठकीत फळ्यावर लिहून दाखवते, कारण सगळ्यांचा राग रोडवर असतो आणि रोडच्या साडेतीन पट पाणी आपल्याच छपरांवरून येत असतं. कवेलूची घरं होती तेव्हाही पाणी गळायचंच, पण ते मातीच्या अंगणात आणि मागच्या वाडीत पडायचं. आता अंगणात कोबा आहे, वाडीत फरशी आहे आणि पन्हाळीचा पाइप सरळ नालीत सोडलेला आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या आजूबाजूच्या वस्त्यांत घराघरांत पाणी घुसलं. तिथं कारणं आणखीही होती, पण पाणी मुरायला उघडी जमीन उरली नाही हे एक कारण आपल्या गावठाणालाही लागू आहे.

पावसात छत्री घेऊन फिरा

पहिलं काम कागदावर होत नाही. चांगला पाऊस सुरू असताना गल्लीच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत चालत जा. पाणी कुठून सुरू होतं, कुठं वळतं, कुठं तुंबतं, कोणत्या भिंतीला लागतं ते बघा आणि पाऊस थांबल्यावर चुन्यानं खुणा करा. वावरातून किंवा पांधणीवरून गावात शिरणारं पाणी वेगळं ओळखा. ते गढूळ असतं, त्यात माती असते, आणि ते गावाबाहेरच धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला धरून चर खोदून वळवलं पाहिजे. गल्लीतल्या कोणत्याच उपायाला तो गाळ झेपत नाही.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. माझ्या सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं, "आगुदर तं पाणी मारुतीच्या मांगून जाये." मारुतीच्या मागचा तो ओघळ आता कुणाच्या गोठ्याखाली दबला आहे, पण उतार तोच आहे आणि जोराच्या पावसात पाणी आजही तिकडंच जायला बघतं. जुना ओघळ माहीत झाला की जादा पाणी कुठं सोडायचं हा निम्मा प्रश्न सुटतो.

न्हाणीचं आणि भांड्यांचं सांडपाणी यात मिसळू नका. त्याला शोषखड्डा वेगळा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं केला तसा, चार फूट लांब, रुंद आणि खोल, मधे छिद्रांची सिमेंटची टाकी आणि भोवती दगड-गिट्टी, असा खड्डा रोजच्या सांडपाण्याला उत्तम चालतो. पण त्यात छपराचं पाणी सोडलं की एका सरीत तो भरतो आणि साबणाचं घाण पाणी वर येतं. हे मी इतक्या घरी पाहिलं आहे की आता शोषखड्डा बघायला गेले की आधी पन्हाळीचा पाइप कुठं जातो ते बघते.

काळी माती फसवते

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी जिरवण्याच्या ज्या पद्धती शहरांच्या माहितीत सांगतात, त्या बऱ्याचदा भुसभुशीत जमिनीसाठी असतात. आपली काळी माती वेगळी आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि भेगा मिटतात. उन्हाळ्यात याच मातीत पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून मे महिन्यात खड्डा करून पाणी ओतलं तर ते भराभर नाहीसं होतं आणि वाटतं की जमीन छान पिते. श्रावणातल्या झडीत तोच खड्डा दोन-दोन दिवस भरलेला राहतो. म्हणून जमिनीची परीक्षा पावसाळ्यात, माती पूर्ण ओली असताना घ्या.

परीक्षा साधी आहे. जिथं काम करायचं तिथं एक फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा करा. संध्याकाळी पाण्यानं भरून ठेवा. सकाळी पुन्हा भरा, त्यात खुणा केलेली काडी उभी करा आणि तासाभरानं पातळी बघा. तासाला इंचभर किंवा जास्त उतरली तर जमीन चांगली. अर्ध्या इंचाहून कमी उतरली तर निव्वळ त्या मातीच्या भरवशावर राहू नका. खाली मुरूम किती फुटांवर आहे ते शोधा. त्यासाठी मशीन बोलवायची गरज नाही. संडासचे खड्डे खोदणारा, घराचा पाया घेणारा गवंडी आणि जुन्या विहिरीचा काठ, हे तिन्ही मिळून मुरूम किती खोल आहे ते सांगतात. गावठाण बहुधा उंचवट्यावर असतं, त्यामुळं तीन-चार फुटांवर मुरूम लागणारी घरं बरीच निघतात.

एक इशारा खारपाणपट्ट्यातल्या लोकांना. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात जमीन चोपण, म्हणजे क्षारानं बिघडलेली, आणि खालचं पाणी खारं आहे. तिथं गोडं पाणी जमिनीत घालवून हाती काही येत नाही. छपराचं पाणी टाकीत साठवा, बाकीचं गवताच्या चरातून सावकाश गावाबाहेर काढा. जिरवण्याचा पुढचा भाग तुमच्यासाठी नाही.

जिरवण वाफा

अंगणात किंवा वाडीत जमिनीपेक्षा वीतभर खोल, सपाट तळाचा, झाडं लावलेला वाफा करायचा आणि छपराचं पाणी त्यात सोडायचं. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १९९० च्या सुमारास नव्या वस्तीतल्या घरांपुढं असे वाफे करायला सुरुवात झाली आणि मग ते अनेक शहरांनी उचलले. आपल्याला त्यात बदल करायचा आहे तो काळ्या मातीपुरता.

जागा निवडताना भिंतीपासून किमान १० फूट लांब राहा. घर मातीचं किंवा जुन्या पायाचं असेल तर १५ फूट. काळी माती पायाशी ओली-कोरडी होत राहिली की भिंतीला तडे जातात, आणि त्यात तडजोड करू नका. अंगणात एवढी जागा नसेल तर वाफा करूच नका, पुढं सांगितलेला ड्रम आणि गल्लीचा चर यांवर भर द्या. संडासच्या खड्ड्यापासूनही १० फूट अंतर ठेवा. ज्या वाफ्यात रोडचं पाणी येणार तो पिण्याच्या विहिरीपासून आणि हातपंपापासून ५० फूट लांब हवा, कारण रोडच्या पाण्यात शेण, ऑइल, सगळंच असतं.

आकाराचा ठोकताळा असा. मुरमाड जमिनीत छपराच्या दहाव्या हिश्शाइतका वाफा, काळ्या जमिनीत पाचव्या हिश्शाइतका. ६०० चौरस फुटांच्या दोन पाखी छपराची एक बाजू ३०० चौरस फूट असते. तिच्यासाठी काळ्या मातीत ६ बाय १० फुटांचा वाफा लागतो. त्यात ६ इंच पाणी उभं राहील असा ठेवला तर तो ८५० लिटर पाणी धरतो. त्या बाजूवर इंचभर पाऊस झाला तर साधारण ७०० लिटर उतरतं, म्हणजे इंचभराचा पाऊस तो अंगणाबाहेर जाऊ देत नाही.

खोदाई अडीच-तीन फूट करा. मुरूम लागला की थांबा आणि तळ पहारीनं ढिला करा. तळाला नऊ इंच जाड गिट्टी, वर दोन-तीन इंच बारीक गिट्टी आणि त्यावर भरणीची माती. ही माती म्हणजे दोन घमेली जाड रेती, एक घमेलं चांगली माती आणि एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. खोदून काढलेली काळी माती परत भरण्याचा मोह होतो, कारण ती समोरच पडलेली असते. ती वाफ्याच्या खालच्या बाजूला बांध घालायला वापरा, आत नको. काळ्या मातीत थोडीशी रेती मिसळून भागत नाही, ती आणखी कडक होते. ताजं शेणही नको, त्याला वास येतो आणि माश्या होतात.

मुरूम लागलाच नाही, नदीकाठच्या गावांत आठ-दहा फूट काळी मातीच असते, तर तळाच्या गिट्टीत ४ इंची पीव्हीसी पाइप आडवा ठेवा. त्याला खालच्या अंगानं छिद्रं पाडा आणि दुसरं तोंड उताराच्या बाजूला उघडं काढा. तेव्हा पाणी जमिनीत फारसं मुरत नाही, पण वाफ्यात गाळून, सावकाश बाहेर पडतं. खालच्या घराला तेवढंही पुरतं, कारण घर बुडतं ते सगळं पाणी एकदम आल्यानं.

तळ सपाट असलाच पाहिजे. गवंडी लेव्हल काढायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतो, तीच आणा. तळ एका बाजूला कलला तर सगळं पाणी एका कोपऱ्यात साचतं आणि तिथली झाडं सडतात. पाइपमधून पाणी पडतं तिथं चार-सहा गोटे मांडा, नाहीतर पहिल्याच पावसात खड्डा पडतो. आणि जादा पाण्याला वाट द्या. वाफ्याच्या काठाला, घराच्या उलट बाजूला, काठापेक्षा दोन इंच खाली फूटभर रुंद सांडवा करा आणि त्याला दगड लावा. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांत कित्येक ठिकाणी वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात जातो, तशी साखळी गल्लीतही करता येते: वरच्या घराच्या वाफ्याचं जादा पाणी चरात, चरातून खालच्या वाफ्यात, आणि शेवटी गावतळ्यात.

काय लावायचं

हा माझा आवडता भाग. वाफ्यात टिकणारं झाड पावसाळ्यात दोन दिवस पाण्यात उभं राहिलं पाहिजे आणि चैत्र-वैशाखात पाणी न देता जगलं पाहिजे. दोन्ही जमणारी झाडं थोडी आहेत. पहिला मान वाळ्याचा. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, चिकणमाती फोडतात आणि पाण्याला खाली वाट करून देतात. वाफ्याच्या मधोमध एक-एक फुटावर वाळ्याची रांग लावा. तळाला कर्दळही चांगली. उन्हाळ्यात ती वरून वाळते पण गड्डा जिवंत राहतो आणि आर्द्रात पुन्हा फुटते. काठावर गवती चहा, अडुळसा, निरगुडी. उघडी माती राहील तिथं हरळी. धोप्याची, म्हणजे अळूची पानं वड्यांना सगळ्यांना हवी असतात, पण धोप्याला उन्हाळाभर ओल लागते, म्हणून तो न्हाणीच्या पाण्यावर लावा, या वाफ्यात नाही. तुळस पाण्यात मरते. बेशरम चुकूनही लावू नका, तिनं आपले नाले आधीच भरले आहेत. वड, पिंपळ, उंबर घराजवळ नको. जांभूळ आणि अर्जुन लावायचे ते गावाबाहेर, नाल्याच्या काठी.

खोदाई एप्रिल-मे महिन्यात उरका. पेरण्या लागल्या की कुणाला सवड नसते. रोपं मात्र आर्द्रा-पुनर्वसूत, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावा. पहिल्या वर्षी शेळ्यांपासून जपण्यासाठी भोवती पऱ्हाट्यांचं किंवा तुराट्यांचं कुंपण करा.

बाया दोन गोष्टी हमखास विचारतात: डास होतील का, आणि साप येतील का. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. वाफ्यातलं पाणी दोन दिवसांत उतरलं तर डास तयारच होत नाही. दोन दिवसांनंतरही पाणी दिसलं तर वरचा गाळाचा थर खरडून काढा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. सापाची भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. वाळा गुडघ्याइतकाच ठेवा, बाकी कापून घ्या. वाफ्याला लागून सरपण, विटा, दगडांचा ढीग रचू नका, कारण उंदीर तिथं राहतात आणि त्यांच्यामागं साप येतो. रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर वाफा नको.

ड्रम आणि विहीर

जागा नसलेल्या घरांनी पन्हाळीखाली झाकणाचा ड्रम ठेवावा, तोंडाला जाळी बांधावी. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्या, त्यात छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण असते. भरलेला ड्रम पुढच्या पावसाच्या कामाचा नाही, म्हणून उघडीप मिळाली की वापरून रिकामा करा. घरची विहीर असेल तर छपराचं पाणी रेती-गिट्टीच्या गाळण टाकीतून तिच्यात सोडता येतं. रोडचं पाणी विहिरीत कधीही नाही.

गल्लीतला चर

इथं एकट्यानं भागत नाही. रोडच्या दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत सिमेंट ओतायचा जो रिवाज पडला आहे, तो थांबवायला हवा. जिथं गल्ली रुंद आहे तिथं एका बाजूला दोन-तीन फुटांची पट्टी उघडी सोडून तिच्यात उथळ चर करा. सहा ते नऊ इंच खोल, तळ सपाट, कड उभी न ठेवता पसरट, आणि पूर्ण हरळी लावलेला. उतार १०० फुटांना एक ते दोन फूट असला की पाणी चालतं पण धावत नाही. उतार जास्त असेल तर दर दहा-बारा फुटांवर वीतभर उंच गोट्यांचा आडवा बांध घाला. प्रत्येक दारासमोर फरशी टाका, म्हणजे म्हाताऱ्यांना आणि मोटारसायकलला त्रास नाही. चर जिथं भिंतीला चिकटून जाईल तिथं भिंतीच्या बाजूला जाड प्लास्टिक उभं गाडा, ओल पायाकडं जात नाही. गल्ली आठ-नऊ फुटांचीच असेल तर चराचा हट्ट करू नका. तिथं नालीच राहू द्या आणि छपरांचं पाणी वाफ्यांत आणि ड्रममध्ये अडवा.

चराच्या सुरुवातीला दोन बाय दोन फुटांची गाळकुंडी करा आणि तोंडाला जाळी लावा. आमच्याकडं जाळी तुंबवणारी पहिली वस्तू म्हणजे खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या. पानठेल्यासमोर कचऱ्याचा डबा ठेवणं हा या कामाचाच भाग आहे, आणि पानठेलेवाल्या दादांना ते आधी जाऊन प्रेमानं सांगितलं तर ते ऐकतात.

मंदिराच्या पारासमोर किंवा शाळेच्या आवारात पेव्हर बसवायचे असतील तर सांध्यांत सिमेंट भरू देऊ नका, चुरी भरा. खाली गिट्टीचा थर हवाच, नाहीतर काळी माती फुगून पेव्हर उचलते. ट्रॅक्टर आणि बंड्या जातात त्या वाटेवर पेव्हर नकोत.

ग्रामसभेत काय मागायचं

रोडचं अंदाजपत्रक बनण्याआधी बोला, नंतर काही बदलत नाही. तीन गोष्टी लेखी मागा. नवा थर टाकण्याआधी जुना रोड खरडून काढावा, म्हणजे रोड घरांच्या जोत्याच्या वर जात नाही. रोडचा उतार चराच्या बाजूला असावा. आणि जिथं जागा आहे तिथं एक पट्टी उघडी सोडावी. शोषखड्डे, गावतळ्यातला गाळ काढणं आणि झाडं लावणं ही कामं रोजगार हमीच्या आराखड्यात बसवायचा प्रयत्न करा. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता, आणि पावसाचं पाणी साठवणं त्यात स्पष्ट धरलेलं होतं. ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना हे दाखवून बोलायचं. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांपासून सुरू होते, तेव्हा तिथं बायांनी गटानं बसावं.

सुरुवात नेहमी गल्लीच्या वरच्या घरांपासून करा. त्रास खालच्यांना होतो आणि उत्साहही त्यांनाच असतो, पण खालच्या घराचा वाफा वरून येणाऱ्या लोंढ्यात एका पावसात गाळानं भरतो. वरच्या घरांना पटवायला वेळ लागतो. आम्ही रोपं फुकट दिली आणि खोदायला गटाच्या बाया गेल्या, तेव्हा वरची घरं तयार झाली.

वर्षाची देखभाल थोडी आहे. मृगाआधी पन्हाळी, गाळकुंडी आणि सांडवा साफ करा. प्रत्येक मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी वाफ्यात पाणी उरलं का ते बघा. पोळ्याच्या आसपास निंदण करा आणि गाजर गवत फुलावर येण्याआधी, हातात मोजे घालून, मुळासकट उपटा. दिवाळीनंतर वाळा कापून घ्या. त्याचा पाला गोठ्यात जनावरांखाली अंथरायला चालतो. दोन-तीन वर्षांनी वरचा इंचभर गाळ काढून तेवढीच रेती आणि खत टाका. काढलेला गाळ छपराच्या पाण्याचा असेल तर वाडीत टाकायला चांगला, रोडच्या पाण्याचा असेल तर भाजीच्या वाफ्यात टाकू नका, गावाबाहेर झाडांच्या बुडाशी टाका.